नवें साधन आणि छोटा धंदा

नगरहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कर्जत तालुक्यांत, मिरजगांव नांवाचें एक मोठें खेडें लागतें. अहमदनगर जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. परंतु बेताचा पाऊस, ज्वारीवर भिस्त आणि रस्त्याच्या आधारानें वाढलेली बाजारपेठ ही या भागाची जुनी ओळख कायम आहे. अशा गांवच्या किराण्याच्या दुकानांत आज पाऊल टाकलें तर गल्ल्याशेजारीं काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद चिकटविलेला दिसतो. गिऱ्हाईक आपला मोबाईल त्या कागदासमोर धरतें आणि क्षणार्धांत एक लहानशी पेटी, इतके रुपये मिळाले, असें खणखणीत आवाजांत सांगते. यूपीआय या नांवाची ही व्यवस्था २०१६ सालीं सुरू झाली आणि दहा वर्षांच्या आंत ती खेड्यापाड्यांतील चहाच्या टपरीपर्यंत जाऊन पोंचली.

या नव्या साधनाचें कौतुक पुष्कळ झालें आहे. आज मला त्याविषयीं एक साधा प्रश्न विचारावयाचा आहे. या कागदानें आणि पेटीनें दुकानदाराची मिळकत वाढते काय? आणि ज्याची वाढते त्याची नेमकी कशानें वाढते?

हा प्रश्न एकट्या मिरजगांवचा नाहीं. शेतीबाहेरील असंघटित धंद्यांची जी सरकारी पाहणी २०२३–२४ सालीं झाली, तींत अशा धंद्यांची संख्या ७ कोटी ३४ लाख भरली आणि त्यांवर १२ कोटींहून अधिक माणसें पोट भरीत असल्याचें आढळलें. धंद्याच्या कामीं इंटरनेटचा उपयोग करणाऱ्यांचें प्रमाण त्या एका वर्षांत शेंकडा २१ वरून सुमारें २७ वर गेलें. म्हणजे चारांतील जवळजवळ तिघे त्या वेळीं या साधनाच्या उंबरठ्याबाहेर उभे होते. त्यांना आंत ओढण्यासाठीं सरकार, बँका आणि मोठमोठ्या कंपन्या झटत आहेत. आपल्यासारख्या शहरांतील कुटुंबांचाहि यांत संबंध आहे. गांवाकडील भाऊ दुकानासाठीं नवें यंत्र घ्यावयाचें म्हणतो आणि भांडवल मागतो, तेव्हां तें द्यावें कीं न द्यावें हें ठरविण्याची पाळी आपल्यावर येते. बहुधा आपण त्याच्या उत्साहाकडे पाहून ठरवितों. त्याहून चांगला आधार आतां उपलब्ध आहे. कारण गेल्या पंचवीस वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनीं अनेक गरीब देशांत प्रत्यक्ष प्रयोग करून हा प्रश्न तपासला आहे.

त्या प्रयोगांकडे वळण्यापूर्वीं एक जुनी गोष्ट सांगतों. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढें लोखंडी नांगर करावयास घेतला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी त्या वेळीं समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास जवळजवळ दोन वर्षें लागलीं. ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या भोळेपणाचा दाखला म्हणून सांगतों. परंतु तिला दुसरीहि बाजू आहे. ज्याच्या कणगींत एकाच हंगामाचें धान्य आहे, त्याचा प्रयोग फसला तर त्याला दुसरा हंगाम नाहीं. कारखानदाराचा न खपलेला नांगर वखारींत पडून राहील; शेतकऱ्याचें गेलेलें वर्ष परत येणार नाहीं. छोट्या माणसाच्या नकारामागें पुष्कळदां असा हिशेब असतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय साधनाचें यश वा अपयश उलगडत नाहीं.

आतां पहिला दाखला घेऊं. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर, बडगरा येथें, १४ जानेवारी १९९७ रोजीं अकरा मच्छीमार मासे भरून होड्या घेऊन आले, तों बंदरावर गिऱ्हाईक उरलें नव्हतें. मासे समुद्रांत टाकून देण्यावांचून त्यांना गत्यंतर नव्हतें. त्याच वेळीं पंधरा किलोमीटरांच्या आंत दुसऱ्या बंदरांवर सत्तावीस गिऱ्हाइकें मासे न मिळाल्यामुळें रिकाम्या हातीं परत निघालीं होतीं. याच सुमारास किनाऱ्यावर टप्प्याटप्प्यानें मोबाईलचे मनोरे उभे राहिले. मच्छीमार भर समुद्रांतून बंदरोबंदरीं भाव विचारूं लागले आणि जेथें मागणी असेल तेथें होडी वळवूं लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानें या स्थित्यंतराचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध केला. मासे फुकट जाण्याचें थांबलें, मच्छीमारांचा नफा शेंकडा आठनें वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी शेंकडा चारनें स्वस्त मिळूं लागली. विकणाऱ्याचा लाभ आणि घेणाऱ्याचाहि लाभ, असा योग व्यापारांत क्वचित् येतो.

हा दाखला जगभर गाजला. भाव कळला कीं गरिबाचें भलें होतें, असा त्यावरून पुष्कळांनीं सरळ अर्थ काढला. त्याच २००७ सालीं आपल्या महाराष्ट्रांत रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें शेतकऱ्यांच्या मोबाईलवर बाजारभाव आणि हवामान लघुसंदेशानें कळविण्याची सेवा सुरू केली. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या संशोधकांनीं तिची परीक्षा केली. महाराष्ट्रांतील शंभर गांवांतून सुमारें एक हजार शेतकरी निवडण्यांत आले. कांहींना ही सेवा वर्षभर विनामूल्य दिली, कांहींना दिली नाहीं, आणि मग दोघांची तुलना केली. २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. संदेश मिळालेल्या शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि न मिळालेल्याला मिळालेला भाव यांत, सरासरीनें पाहतां, दखल घेण्याजोगा फरक नव्हता. अवकाळी पावसानें होणारें नुकसानहि कमी झालें नव्हतें.

श्रोतेहो, साधन एकच, देश एकच, आणि फळें मात्र इतकीं निराळीं! याचें कारण शोधण्यासाठीं आपण मिरजगांवचा एक कांदेवाला डोळ्यांसमोर आणूं. त्याच्या रस्त्याच्या एका टोकाला नगरची बाजारपेठ आणि दुसऱ्या टोकाला सोलापूरची. दोन्हीं कांद्यासाठीं नांवाजलेल्या. आज सोलापुरांत भाव चढा आहे असा संदेश त्याच्या हातांत आला, तर वरवर पाहतां त्याची स्थिति केरळच्या मच्छीमारासारखीच झाली. परंतु त्याचा माल टेंपोभर नाहीं, अर्धाच आहे. शेजाऱ्याचा माल मिळाल्याखेरीज भाडें परवडत नाहीं. पेरणीच्या वेळीं त्यानें नगरच्या अडत्याकडून उचल घेतली असेल, तर माल तेथेंच घालणें त्याला भाग आहे. कांदाचाळ नसेल तर चार दिवस थांबणेंहि शक्य नाहीं. आणि बाजारांत पोंचेपर्यंत भाव उतरला तर दुसरीकडे जाण्याची सोय नाहीं. संदेश खरा असतो, वेळेवर येतो, आणि तरीहि त्याचा उपयोग होत नाहीं.

मच्छीमाराला वाऱ्यापाण्याचें आणि डिझेलचें बंधन असतें. पण त्याची होडी त्याला हव्या त्या बंदराकडे वळूं शकत होती. भावाची बातमी त्याला मिळाली आणि त्या बातमीप्रमाणें वागण्याची मोकळीक त्याच्यापाशीं आधींच होती. माझ्या मतें सगळ्या विषयाचें मर्म येथें आहे. नवें साधन माहिती देतें, वेग देतें, सोय देतें; परंतु त्या माहितीप्रमाणें वागण्याची मोकळीक तें आपल्यासोबत घेऊन येत नाहीं. ती ज्याच्यापाशीं असते त्याला साधन फळतें. ज्याच्यापाशीं नसते त्याला, आपलें किती नुकसान होत आहे, एवढेंच कळतें.

मोकळीक केवळ बाजारांतच अडते असें नव्हे. ती धंद्याच्या चार भिंतींच्या आंतहि अडते. पाकिस्तानांतील सियालकोट शहरीं फुटबॉल शिवण्याचे अनेक लहानमोठे कारखाने आहेत. डेव्हिड ॲट्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील कांहीं कारखान्यांना एक नवा साचा फुकट दिला. त्या साच्यानें त्याच रेक्झिनच्या पट्टींतून पूर्वींपेक्षां अधिक पंचकोनी तुकडे निघत आणि नासाडी कमी होई. फायदा उघड होता. तरी सव्वा वर्ष लोटलें तेव्हां साचा वापरणारे कारखाने फारच थोडे होते. चौकशी करतां कारण निघालें तें असें. तुकडे कापणाऱ्या कारागिराला मजुरी नगावर मिळे. नव्या साच्याची संवय होईपर्यंत त्याचा हात मंदावणार, म्हणजे मजुरी घटणार. आणि वांचलेल्या मालाचा फायदा मात्र जाणार मालकाला. मग त्यानें मालकाला साच्याची शिफारस कशाला करावी? पुढें संशोधकांनीं कांहीं कारखान्यांत, साचा वापरून दाखविणाऱ्या कारागिराला एक महिन्याच्या कमाईइतकें बक्षीस देऊं केलें, आणि तेथें साचा वापरांत येऊं लागला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासापासून आपल्याकडील प्रत्येक दुकानदारानें घेण्याजोगा धडा आहे. ज्याच्या हातानें यंत्र चालावयाचें, त्याच्या पदरांत कांहीं पडणार नसेल, तर तें यंत्र कोपऱ्यांत धूळ खात पडेल.

आणखी एक दाखला आपल्या घरालगतचा आहे. मुंबईच्या उत्तरेस तारापूर आणि उंबरगांव येथें कापडाचे कारखाने आहेत. निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील सतरा कंपन्यांचे अठ्ठावीस कारखाने घेतले. हे धंदे किराणा दुकानाहून पुष्कळ मोठे होते, पण घराण्यांनीं चालविलेले होते. कांहीं कारखान्यांना अनेक महिने तज्ज्ञांचा सल्ला दिला. नवीं यंत्रें दिलीं नाहींत. सुताचा सांठा नोंदवून ठेवा, कापडांतील दोष रोजच्या रोज लिहा, यंत्रें बंद कां पडलीं याची चर्चा सकाळीं करा, जमीन स्वच्छ ठेवा, असलीं साधीं कामें सांगितलीं. पहिल्याच वर्षीं उत्पादकता शेंकडा सतरानें वाढली. म्हणजे जुन्याच मागांतून, नुसत्या नोंदीच्या जोरावर, एवढी वाढ निघाली. पुढें कित्येक वर्षांनीं तेच संशोधक परत गेले, तेव्हां अंगीकारलेल्या पद्धतींपैकीं सुमारें निम्म्या सुटल्या होत्या आणि निम्म्या टिकल्या होत्या. चांगली संवय लागते तशी सुटतेहि, एवढें लक्षांत ठेवलें पाहिजे.

आतां ठिपक्यांच्या कागदाकडे वळूं. त्याचा सख्खा भाऊ आफ्रिकेंतील केनिया देशांत २००७ च्या मार्च महिन्यांत जन्मला. एम-पेसा असें त्याचें नांव. साध्या मोबाईलवरून पैसे पाठविण्याची ती सोय होती. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें कीं, या सोयीमुळें सुमारें १ लाख ९४ हजार कुटुंबें दारिद्र्याच्या बाहेर पडलीं आणि १ लाख ८५ हजार स्त्रियांनीं केवळ शेतीवर विसंबणें सोडून धंद्याकडे मोर्चा वळविला. स्त्रियांना विशेष लाभ कां व्हावा? माझी समजूत अशी कीं, पैसा घरांतील डब्यांत असतो तेव्हां त्यावर सगळ्यांचा हात पडतो. तो आपल्या नांवावर आला म्हणजे त्याचें काय करावयाचें हें ठरविण्याची मोकळीक आपल्याला मिळते. या तर्काला पुष्टि देणारा एक अभ्यास २०१९ चा आहे. भारत, श्रीलंका व घाना येथें स्त्रियांच्या धंद्यांना दिलेल्या भांडवलाला फळ आलें नाहीं असें आधीं वाटत होतें. नीट पाहतां असें दिसलें कीं, बाईच्या नांवें आलेलें भांडवल घरांतील पुरुषाच्या धंद्याकडे वळत होतें. ज्या घरांत धंदा करणारी तीच एकटी होती, तेथें तिचें भांडवल पुरुषाच्या इतकेंच फळलें. खेड्यांतील बचत गटाच्या पापडाविषयीं किंवा शिवणयंत्राविषयीं मत देतांना आपण हें विसरूं नये.

सर्वांत नवें साधन म्हणजे कृत्रिम बुद्धि. मोबाईलवर प्रश्न लिहावा आणि यंत्रानें धंद्याचा सल्ला द्यावा, अशी सोय आतां घरोघर पोंचली आहे. याचीहि परीक्षा केनियांत झाली आहे. सहाशें चाळीस छोट्या उद्योजकांपैकीं कांहींना व्हॉट्सॲपवर असा सल्लागार देण्यांत आला. सरासरीनें लाभ शून्य निघाला. परंतु त्या शून्याच्या पोटांत दोन विरुद्ध गोष्टी दडल्या होत्या. ज्यांचा धंदा आधींच चांगला चालत होता, त्यांची कमाई शेंकडा पंधराच्या आसपास वाढली. ज्यांचा धंदा आधींच खालावलेला होता, त्यांची शेंकडा आठच्या आसपास घटली. यंत्राचा सल्ला दोघांनाहि सारखाच मिळत होता. त्यांतील कोणता आपल्या दुकानाला लागू पडेल हें ओळखण्याची पारख मात्र सारखी नव्हती. भाव कमी करा, जाहिरात करा, असें कोणीहि सांगेल. ज्याच्यापाशीं नफ्याचा हिशेब आहे, तो भाव किती उतरवावा हें जाणतो. ज्याच्यापाशीं तो नाहीं, तो भाव उतरवितो आणि मुद्दलहि घालवून बसतो.

मात्र हिशेब शिकविला कीं सर्व कांहीं साधलें, असेंहि नाहीं. टोगो या देशांत पंधराशें छोट्या धंदेवाल्यांवर झालेल्या प्रयोगांत एका गटाला नेहमींचें हिशेबाचें व विक्रीचें शिक्षण दिलें. दुसऱ्याला पुढाकार कसा घ्यावा, वेगळें काय करतां येईल हें कसें शोधावें, अडचण आली तरी कसें टिकावें, याचें शिक्षण दिलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें दुसऱ्या गटाचा नफा शेंकडा तीसनें वाढला. पहिल्याची वाढ शेंकडा अकराच्या घरांत राहिली, आणि ती योगायोगाची नव्हे असेंहि खात्रीनें म्हणतां आलें नाहीं. वही हवीच, पण वहींत जें दिसतें त्यावरून पाऊल उचलण्याची हिंमतहि हवी.

या सर्वांवरून मिरजगांवच्या दुकानदाराला काय सांगावें? त्याच्या गल्ल्याजवळच्या कागदानें सुट्या पैशांची कटकट मिटली, खोट्या नोटेची धास्ती गेली, आणि विक्रीची एक नोंद आपोआप होऊं लागली. हा लाभ खरा आहे. परंतु त्या कागदानें त्याला नवीं गिऱ्हाइकें आणून दिलीं नाहींत, कारण शेजारच्या दुकानांतहि तोच कागद आहे. उधारीची वही तशीच आहे, आणि सुगी येईपर्यंत ती तशीच राहणार. शिवाय ज्या मोबाईलवरून गिऱ्हाईक पैसे देतें, त्याच मोबाईलवरून तें शहरांतील कंपनीकडून माल मागवितें आणि तो माल त्याच हमरस्त्यानें गांवांत येऊन पोंचतो. तेव्हां दुकानदारानें आपोआप होणाऱ्या त्या नोंदीचा उपयोग करून घेतला पाहिजे. कोणता माल किती दिवसांत खपतो, कोणता पडून राहतो, महिन्याच्या कोणत्या आठवड्यांत विक्री उतरते, हें त्यांतून काढतां येतें. बँकेपुढें तीच नोंद ठेवून खाजगी सावकाराहून कमी व्याजानें भांडवल मागतां येतें. असें केलें तर कागदानें मोकळीक वाढविली असें होईल. न केलें तर पेटी बोलत राहील आणि नफा जागच्या जागीं राहील.

म्हणून भांडवल मागणाऱ्या भावाला आपण चार प्रश्न विचारावे. हें साधन जें सांगेल, त्याप्रमाणें वागण्यापासून तुला कोण अडवितो. उचल, उधारी कीं वाहतूक? साधन ज्याच्या हातानें चालेल, त्याला त्यांतून काय मिळेल? आजच्या धंद्याचा हिशेब तुझ्यापाशीं लिहिलेला आहे काय? आणि एक वर्ष फसलें तर घर कशावर चालेल? चारहि प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळालें तर पैसे निःशंक द्यावे. पहिल्याच प्रश्नाला उत्तर अडलें, तर यंत्रासाठीं दिलेली रक्कम अडत्याची उचल फेडण्यासाठीं किंवा कांदाचाळीसाठीं अधिक उपयोगीं पडेल, हें निःसंकोचपणें सांगावें.

एकट्यादुकट्याला न मिळणारी मोकळीक अनेकांना मिळून मिळवितां येते, याचा मोठा दाखला याच जिल्ह्यांत आहे. प्रवरेच्या कांठीं, लोणी येथें, विठ्ठलराव विखे पाटलांनीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५०–५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. ऊंस पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्याला स्वतःचें यंत्र घेणें अशक्य होतें. सर्वांनीं मिळून तें घेतलें, आणि ऊंस कोणाला विकावा या प्रश्नांत ते परावलंबी राहिले नाहींत. त्या भागाला पाटाचें पाणी होतें. मिरजगांवच्या बाजूला तेवढें नाहीं. तरी अर्धा टेंपो माल असलेले दोघे एकत्र आले तर टेंपो भरतो, आणि दहा जण एकत्र आले तर कांदाचाळ उभी राहते. शेतकऱ्यांनीं स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची तरतूद कायद्यांत २००२ सालच्या सुधारणेनें झालेली आहे. ज्या दिवशीं असा भरलेला टेंपो, कोणाच्या उचलीला बांधलेला नसतां, नगरकडे जावें कीं सोलापूरकडे हें मिरजगांवच्या चौकांत उभा राहून ठरवूं शकेल, त्या दिवशीं मोबाईलवर आलेल्या भावाच्या संदेशाला खरी किंमत येईल.